धरणाखालच्या नदीत मासे टिकवायचे तर पाणी किती सोडावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव धरणाच्या खाली साधारण पंधरा किलोमीटरवर, नदीकाठी. वर जलविद्युत प्रकल्प आहे. नदीत १० टक्के पाणी सोडतो असे अधिकारी सांगतात आणि पात्रात पाणी दिसतेही. तरी वाम, शिंगाळा, महाशीर हे मासे गेल्या काही वर्षांत दिसेनासे झालेत. मग मासे टिकायला नक्की किती पाणी हवे? १० ऐवजी २० टक्के मागावे का?

मागा, हरकत नाही. पण २० टक्के मिळाले आणि ते आजच्याच पद्धतीने सोडले, तर मासे परततील असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. धरणाखालची नदी पाहायला गेलो की मी आधी तीन गोष्टी विचारतो. पाणी कधी सोडता? बंद करताना किती वेगाने बंद करता? धरणाच्या कुठल्या उंचीवरच्या दारातून सोडता? ‘किती सोडता’ हा प्रश्न त्यानंतर. पहिल्या तिन्हींना जादा पाणी फारसे लागत नाही, त्यामुळे शेतकऱ्यांशी, शहराशी किंवा वीजवाल्यांशी भांडणही कमी होते. आपल्याकडे मात्र चर्चा चौथ्या प्रश्नापासून सुरू होते आणि तिथेच संपते.

हा १० टक्क्यांचा आकडा आला कुठून ते आधी पाहू. डोनाल्ड टेनंट या अमेरिकी तज्ज्ञाने १९७६ मध्ये माँटाना, वायोमिंग आणि नेब्रास्का या राज्यांतल्या नद्यांची पाहणी करून एक सोपा तक्ता मांडला. वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाण्यात मासे थोडे दिवस कसेबसे तग धरतील, ३० टक्क्यांत बरे जगतील, ६० टक्के आणि वर असेल तर उत्तम. तक्ता सोपा होता, म्हणून जगभर पसरला. त्यातही वर्षाचे दोन हंगाम वेगळे धरले होते. आपल्याकडे येईपर्यंत ते हंगाम गळून पडले आणि नुसते ‘१० टक्के’ उरले.

आता हा हिशेब सह्याद्रीतल्या नदीला लावून बघा. समजा एका नदीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ११० क्युमेक (सेकंदाला ११० घनमीटर) वाहतात आणि उरलेल्या आठ महिन्यांत सरासरी ५. वर्षाची सरासरी आली ४० क्युमेक, तिचे १० टक्के ४ क्युमेक, म्हणजे साधारण १४० क्युसेक (सेकंदाला १४० घनफूट). हे चार क्युमेक वर्षभर इमानेइतबारे सोडले तर काय होईल? मे महिन्यात याच नदीत मुळात अर्धा क्युमेक असायचा, तिथे आठपट पाणी खेळेल. जुलैत जिथे ११० हवे होते तिथे चार टक्केसुद्धा पोचणार नाही. उन्हाळा ओला आणि पावसाळा कोरडा. कागदावर नियम पाळला गेला आणि नदी उलटी झाली. या नदीतले मासे हजारो वर्षे ज्या चढउतारावर वाढले, तो चढउतारच पुसला गेला. पाणी आहे पण मासे नाहीत, ही तुमची तक्रार बहुधा इथूनच सुरू होते.

कायद्याचे म्हणाल तर राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले की सर्व राज्यांनी आपापल्या नद्यांत उन्हाळी सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी राखावे. आपल्या हंगामी नद्यांसाठी हाही आकडा फार काही देत नाही, कारण मुळात उन्हाळी सरासरीच नगण्य. त्या मानाने गंगेसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेली अधिसूचना मला जास्त शहाणपणाची वाटते. तिच्यात उगमापासून हरिद्वारपर्यंत नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे मध्ये २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के असे हंगाम पाडले आहेत, आणि हिशेब वर्षाच्या सरासरीवर नाही, आधीच्या दहा दिवसांत नदीला जे पाणी आले त्यावर करायचा आहे. आवक वाढली की सोडायचे पाणी वाढते, घटली की घटते. टक्के कमी वाटतील, वाटोत. निदान नदीचा आकार राखायचा प्रयत्न आहे. हरिद्वारच्या खाली मात्र पुन्हा ठोक आकडे आहेत: भीमगोडा बराजला (नदीवरच्या दारांच्या बंधाऱ्याला) ऑक्टोबर ते मे ३६ क्युमेक, पावसाळ्यात ५७.

आता ‘कधी’ या प्रश्नाकडे येऊ, कारण खरी गोम इथे आहे. कोकणात आणि घाटाखाली चढणीचे मासे कोणाला सांगायला नकोत. मृगाचा पाऊस दणकून पडला, ओढ्याचे गढूळ पाणी नदीला मिळाले, की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ओढ्यात, नाल्यात, थेट भाताच्या खाचरापर्यंत. अंडी घालतात आणि पाणी ओसरता ओसरता परततात. हा सगळा खेळ थोड्या दिवसांचा. माशाला कॅलेंडर कळत नाही. पाणी अचानक चढले, गढुळले, थोडे गार झाले, मातीचा वास आला, या खुणा एकत्र आल्या की त्याच्या शरीरात अंडी पिकण्याची शेवटची पायरी पूर्ण होते. खुणा आल्याच नाहीत तर मादी पोटात अंडी घेऊन तशीच राहते आणि काही काळाने ती शरीरात जिरून जातात.

याचा धडधडीत पुरावा आपल्या मत्स्यशेतीतच आहे. रोहू, कटला, मृगळ तळ्यात झकास वाढतात, पण साचलेल्या पाण्यात आपणहून प्रजनन करत नाहीत. त्यांना पुराची खूण लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी कटकला पियुष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेतली. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक मत्स्यबीज केंद्रात जे इंजेक्शन दिले जाते, ते एका अर्थाने न आलेल्या पुराच्या जागी दिलेले असते.

धरण हीच खूण आधी गिळते. जूनमध्ये जलाशय तळाला गेलेला असतो, त्यामुळे पहिले तीन-चार पूर सगळेच्या सगळे आत राहतात. खाली नदीत पहिला लोंढा येतो तो धरण भरल्यावर, कधी ऑगस्टात. तोवर माशांचा हंगाम बराचसा निघून गेलेला असतो. शिवाय तो लोंढाही असा येतो की रात्रीत वक्राकार दरवाजे उघडले आणि नदी दुथडी भरली. अंडी, पिल्ले, काठचे गवत सगळे धुऊन जाते.

यावर उपाय आहे आणि तो वाटतो तितका महाग नाही. जूनमध्ये सांडव्यावरून पाणी सोडता येत नाही, पातळी खूप खाली असते. नदी विमोचक, म्हणजे तळाजवळून नदीत पाणी सोडणारे दार, किंवा धरणाच्या पायथ्याशी असलेले पायथा वीजगृह हाच मार्ग. कोयनेचे उदाहरण घ्या. तिथल्या पायथा वीजगृहाचे एक युनिट चालवले की १,०५० क्युसेक नदीत येतात. पहिल्या जोरदार पावसाच्या वेळी हे युनिट दोन दिवस चालवले तर खर्च झाले सुमारे ०.१८ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. पाव टक्काही नाही. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. तेच पाणी पश्चिमेला बोगद्यातून कोकणात उतरवले तर कितीतरी पट वीज मिळते, आणि जूनमध्ये पुढचा पाऊस कसा होईल याची धाकधूक प्रत्येक धरण अभियंत्याला असते. म्हणून ‘दर वर्षी ठरल्या तारखेला सोडा’ असे मी म्हणत नाही. पाणलोटात सलग दोन दिवस चांगला पाऊस झाला आणि आवक ठरावीक आकड्यापुढे गेली, तर त्यातला लहानसा हिस्सा त्याच दिवशी पुढे जाऊ द्या. साठ्यातले काही द्यायचे नाही, आलेल्यातले थोडे अडवायचे नाही, इतकेच.

चीनमध्ये यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणातून २०११ पासून मे-जूनच्या सुमारास काही दिवस प्रवाह टप्प्याटप्प्याने चढवतात. तो गवत्या, चंदेऱ्या अशा चार जातींच्या कार्प माशांनी अंडी घालावीत म्हणून. आपल्या शेततळ्यातून ओळखीचे झालेले हेच मासे. अमेरिकेत ग्रीन नदीवर २०१२ पासून आणखी बारकाईने प्रयोग चालू आहे. तिथे रेझरबॅक सकर या माशाची नुकती जन्मलेली पिल्ले नदीत दिसली, की मगच वरच्या फ्लेमिंग गॉर्ज धरणातून पुराचे पाणी सोडतात, म्हणजे पाण्याबरोबर पिल्ले काठच्या उथळ पाणथळीत पोचतात. आधी तारखेने सोडायचे, तेव्हा पूर यायचा आणि पिल्ले नंतर जन्मायची. वरातीमागून घोडे.

चढणीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट गावाच्या हातातली सांगतो. धरणाखाली नदीला मिळणारे ओढे हे तुमचे सर्वांत मोठे भांडवल आहे. त्यांच्यावर धरण नाही, त्यामुळे पहिला पूर तिथे अजून वेळेवर येतो. मुख्य नदी बिघडल्यावर मासे बहुतेक ठिकाणी अशा ओढ्यांच्याच जिवावर उरतात. आता हे ओढे रस्त्याखालून जातात तिथली मोरी जाऊन बघा. सिमेंटचा पाइप टाकलेला असतो, त्याच्या खालच्या तोंडाशी पाण्याने माती खाऊन खड्डा पाडलेला असतो, आणि पाइपातून पाणी हात-दीड हात उंचीवरून खाली पडत असते. महाशीर एखादवेळ उडी मारेल. खडकाला चिकटून सरकणारा मळ्या किंवा बोटाएवढी मासळी तिथेच अडते, आणि वर तीन-चार किलोमीटर उत्तम ओढा असूनही रिकामा राहतो. त्या खड्ड्यात दगड रचून पाण्याची पातळी पाइपाच्या तोंडापर्यंत आणली की वाट मोकळी होते. दोन-चार माणसांचे एका दिवसाचे काम आहे. आणि हो, पहिल्या पावसात ओढ्याच्या तोंडाशी आडवी मच्छरदाणी लावणारे गावातलेच असतात, तेही बघा.

दुसरा प्रश्न वेगाचा. जलविद्युत प्रकल्पाखालच्या गावात पाणी घड्याळाप्रमाणे चढते-उतरते. विजेची मागणी वाढली की टर्बाइन सुरू, घटली की बंद. कोलाडला कुंडलिकेत सकाळी राफ्टिंग चालते ते याच कारणाने. मुळा नदीवरच्या मुळशी धरणाचे पाणी भिरा वीजगृहातून उतरून कुंडलिकेत येते, आणि नदीचा जोर पाऊस ठरवत नाही, वीजनिर्मिती ठरवते. मुळेचे पाणी कुंडलिकेला, कोयनेचे वाशिष्ठीला. या कोकणातल्या नद्यांना पाणी कमी पडल्याची तक्रार नाही, उलट उन्हाळ्यात त्यांना जन्मात नव्हते तेवढे पाणी मिळते. पण बारमाही झाली म्हणजे नदी सुधारली, हे समीकरण चुकीचे आहे. जादा गोड्या पाण्याने खालच्या खाडीतला खारटपणा बदलतो आणि खारट-गोड्याच्या मेळावर जगणाऱ्या जातींची गणिते बिघडतात.

पाणी झपाट्याने उतरते तेव्हा काय होते ते एकदा डोळ्यांनी पाहा. टर्बाइन बंद झाल्यावर तासाभराने गोट्यांच्या पट्ट्यावर उतरा. दगडांच्या मधल्या खळग्यांत तळहाताएवढी डबकी राहिलेली असतात आणि त्यांत टाचणीएवढी पिल्ले गोलगोल फिरत असतात. उन्हे चढली की पाणी कोमट होते, दुपारपर्यंत डबके आटते. कावळे-बगळे आधीच येऊन बसलेले असतात. मोठा मासा पाण्याबरोबर मागे सरकतो. पिल्लू काठच्या संथ, उथळ पाण्यातच राहते कारण मध्यभागाची धार त्याला झेपत नाही, आणि काठच सर्वांत आधी उघडा पडतो. हे रोज घडत असेल तर नदीत मोठे मासे काही वर्षे दिसत राहतात आणि मग एकदम संपतात, कारण मागून पिढीच आलेली नसते. तुमच्याकडे ‘गेल्या काही वर्षांत’ मासे गेले ना? जुन्या मच्छीमारांना विचारा, आधी लहान मासे जाळ्यात यायचे थांबले होते का.

नॉर्वेत ट्राउटच्या पिलांवर प्रयोग झाले तेव्हा दिसले की पाण्याची पातळी तासाला १० सेंटिमीटरपेक्षा हळू उतरवली तर अडकून मरणाऱ्या पिलांची संख्या खूपच घटते. आपल्या माशांना हाच आकडा जसाच्या तसा लागू होईल असे नाही, पण सुरुवात करायला तो वाईट नाही. एकदम बंद करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने बंद करायचे, एवढेच यात आहे. स्वित्झर्लंडने तर अशा चढउताराचा त्रास २०३० पर्यंत दूर करण्याचे बंधनच जलविद्युत प्रकल्पांवर घातले आहे.

माशांचे खाद्यही याच चढउतारात मरते. नदीतल्या खळाळत्या जागेतला मुठीएवढा दगड उचलून उलटा करा. चांगल्या नदीत त्याच्या खालच्या बाजूला शेपटीला दोन-तीन केस असलेल्या चपट्या अळ्या तुरुतुरु पळतात, वाळूचे कण चिकटवून केलेली नळकांडी दिसतात. हे सगळे किडे पुढे पंख फुटून उडणारे, आणि यांतले कित्येक अंडी पाण्याच्या कडेला, ओल्या दगडावर घालतात. संध्याकाळी पाणी चढलेले असताना अंडी घातली आणि रात्री पाणी दोन फूट उतरले, की अंडी सुकून जातात. दगडाखाली नुसता बुळबुळीत थर आणि गोगलगायी सापडल्या तर समजावे, हेच चालले आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरणाने २०१८ मध्ये उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी पाणी कमी आणि स्थिर ठेवायला सुरुवात केली, कारण सुट्टीच्या दिवशी विजेला मागणी कमी. दोन दिवस अंडी ओली राहिली आणि किड्यांची संख्या वाढलेली दिसली. आठवड्यात सोडायचे एकूण पाणी तेवढेच ठेवले होते. (कोलाडला हा तोडगा सुचवायची सोय नाही. तिथे शनिवार-रविवारीच गिऱ्हाईक जास्त.)

तिसरा प्रश्न दाराचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे थर पडतात. वर ऊन लागलेले, हवेशी खेळणारे पाणी, तळाला गार आणि बंदिस्त. बुडालेला पालापाचोळा तळाशी कुजतो, तिथला प्राणवायू संपतो, मग गंधकाचा वायू, लोह, मँगनीज विरघळू लागतात. नदी विमोचक तळाशी असतो, त्यामुळे नदीला मिळते ते नेमके हे पाणी. दार उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि खालच्या दगडांवर तांबूस-काळा थर चढत असेल, तर १० टक्के सोडा नाहीतर ४०, मासा तिथे थांबणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत मासळी आणि वन्यजीवांसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू सांगितला आहे. हे मोजायचे साधे किट मिळते. पहाटे मोजा, दुपारी नाही. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडत असते आणि आकडा फसवा येतो.

अमेरिकेत याच्या जोडीला गारव्याचाही फटका बसला. ग्लेन कॅन्यनच्या आधी कोलोरॅडोचे पाणी उन्हाळ्यात २५ अंशांच्या वर जायचे, धरणानंतर ते वर्षभर ८ ते १२ अंशांच्या आसपास राहू लागले. तिथला हम्पबॅक चब हा मासा मुख्य नदीत अंडी घालेनासा झाला आणि लिटल कोलोरॅडो या उबदार उपनदीच्या आश्रयाने टिकला. ओढे सांभाळा म्हणतो ते यासाठीच. आपल्याकडे पाणी इतके गार होत नाही, अडचण मुख्यतः प्राणवायूची. वेगवेगळ्या उंचीवरून पाणी घेणारी दारे नव्या धरणात बसवता येतात, जुन्यात ते फार खर्चाचे. पण विमोचकाला कारंज्यासारखा फवारा उडवणारा व्हॉल्व्ह असेल तर त्यातून सोडलेले पाणी बराच प्राणवायू घेऊन खाली पडते. तो नसेल तर खाली दगडांचे दोन-तीन बुटके टप्पे रचून पाणी खळाळवले तरी फरक पडतो.

तुमच्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असतील तर त्यांचा वेगळा विचार करा. ऑक्टोबरात बर्गे, म्हणजे गाळ्यांत बसवायच्या काढघालीच्या फळ्या, घातले की नदीची तळ्यांची माळ होते, पावसाळ्याआधी बर्गे काढले की पुन्हा नदी. माशांच्या दृष्टीने हा बंधारा पक्क्या धरणापेक्षा कितीतरी बरा, कारण चढणीच्या दिवसांत वाट उघडी असते. अर्थात बर्गे वेळेवर काढले तर. जून उलटून गेला तरी खालचे दोन बर्गे गाळात रुतलेले, असे कितीतरी बंधारे आहेत. दुसरे दुखणे सांडपाण्याचे. आठ महिने साचलेले, तळाशी काळे झालेले पाणी वळवाच्या पहिल्या सरीने किंवा बर्गे एकदम उचलल्याने खाली सुटते, आणि मासे पृष्ठभागावर तोंडे काढून धापा टाकू लागतात. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. मूळ औषध सांडपाणी थांबवणे हेच. ते होईपर्यंत बर्गे एका गाळ्यातून थोडेथोडे काढणे आणि त्याच दिवसांत वरच्या धरणातून ताजे पाणी येईल असे जमवणे, एवढे तरी करता येते.

आता उन्हाळ्याविषयी, कारण लोक सर्वांत जास्त तेव्हा घाबरतात. सह्याद्रीतल्या कित्येक नद्या एप्रिल-मे मध्ये मुळातच तुटतात. धार थांबते, डोह उरतात. मासे डोहात जमतात आणि पावसाची वाट पाहतात. हा आजार नाही, त्या नदीचा स्वभाव आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडचा डोह आहे, वरदायिनी देवीचा. तिथले महाशीर देवीचे, म्हणून कोणी धरत नाही. वैतरणेवर वाड्याजवळ तिळसेश्वराच्या पायथ्याशीही असेच महाशीर आहेत, आणि त्या वैतरणेवर वर मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत. डोहाला वाहते पाणी फार लागत नाही, खोली लागते. तेव्हा उन्हाळ्यात २० टक्क्यांसाठी भांडण्यापेक्षा तुमच्या हद्दीतले तीन-चार खोल डोह नक्की करा, त्यांत मोटारी टाकायच्या नाहीत, वाळू उपसायची नाही, एवढे ग्रामसभेत ठरवा. वाळू उपशाने डोह खोल होतो असे सांगणारे भेटतील. डोह खोल होत नाही, त्याच्या वरच्या अंगाचा गोट्यांचा पट्टा, जिथे महाशीर अंडी घालतो, तो ढासळून डोहात येतो.

मग ‘किती’? एकदा बाकीचे जमले की हा आकडा बहुतेक वेळा सोपा निघतो. १०० क्युसेक एक महिना सोडले तर ०.२६ टीएमसी लागतात, आठ महिने सोडले तर २.०७ टीएमसी. लहान धरणाला दोन टीएमसी परवडणार नाहीत. पण ५०० क्युसेकचे तीन दिवसांचे जूनमधले एक पाणी फक्त ०.१३ टीएमसी खाते, आणि माशांच्या हिशेबात ते आठ महिन्यांच्या बारीक धारेपेक्षा मोलाचे असू शकते. पाणी थोडे असेल तर मी आधी पावसाळ्यातले उसळते पाणी मागेन, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली हळूहळू उतरणारी धार, आणि उन्हाळी धार सर्वांत शेवटी.

कित्येक ठिकाणी नदीत पाणी आधीच सोडले जाते, फक्त माशांसाठी नाही. उजनीतून सोलापूरच्या पिण्यासाठी भीमेत पाणी सोडण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली, औज आणि चिंचपूर बंधारे भरायला. काठच्या मोटारींची वीज तोडून, काही टीएमसी एकदम सोडायचे आणि बंधारे भरले की बंद. हेच पाणी थोडे वेगळे सोडता येईल का? समजा ६,००० क्युसेक सुरू आहेत. दीड दिवस आधी उतरवायला लागा आणि तीन दिवसांत शून्यावर आणा. तीन दिवसांची सरासरी ३,००० क्युसेक, म्हणजे दीड दिवस पूर्ण ६,००० सोडले असते तितकेच पाणी. एक थेंबही जादा लागत नाही. अशा उताराचा सर्वाधिक फायदा धरणाजवळच्या पट्ट्याला होतो. दूरवर जाताना लाट आपोआप पसरट होते, पण पंधरा किलोमीटरवर तुम्ही तिच्या धारेत आहात. सोलापूरसारख्या शहरांना समांतर जलवाहिनीने थेट धरणातून पाणी मिळू लागले की गळती वाचते, ते चांगलेच. पण त्याबरोबर नदीचे पाणीही बंद होते, आणि त्या पाण्यावर माशांचा हक्क कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो.

माशांची शिडी बसवा अशी मागणीही होते. थोड्या उंचीच्या बंधाऱ्यावर ती चालू शकते, ४०-५० मीटरच्या धरणावर तिच्यात पैसे घालू नयेत असे माझे मत आहे. बहुतेक आराखडे उड्या मारत चढणाऱ्या साल्मनसाठी केलेले असतात, आपले मासे तसे चढत नाहीत. फरक्का बराज १९७५ मध्ये सुरू झाला आणि पूर्वी समुद्रातून अलाहाबादपर्यंत चढणारी हिलसा ही मासळी वरच्या गंगेतून जवळपास गेली. माशांसाठी केलेल्या सोयींनी ती परत आणली नाही.

मत्स्यबीज सोडण्याबद्दल एवढेच की लोणावळ्याच्या टाटा पॉवरच्या केंद्रात अनेक दशके महाशीरचे बीज तयार होते, ते सोडायला हरकत नाही. पण पाणी रोज दोन फूट उतरत असेल तर त्या बोटुकल्यांचेही तेच होईल जे नदीतल्या पिलांचे होते. आणि नदीत तिलापिया हा परदेशी मासा तर अजिबात टाकू नका.

तुमच्यापुरते सांगायचे तर सुरुवात गावच्या पुलाच्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवण्यापासून करा. महिनाभर, निदान पाणी चढते-उतरते त्या दिवशी, दर तासाला मोबाइलवर फोटो काढा. मग माहितीच्या अधिकारात धरणातून आणि वीजगृहातून सोडलेल्या पाण्याची तासागणिक नोंद मागा. दिवसाची सरासरी दिली तर स्वीकारू नका. चार तास ६०० क्युसेक आणि वीस तास शून्य, याचीही सरासरी १०० क्युसेकच येते, आणि ‘१० टक्के सोडतो’ हे बोलणे बहुधा अशा सरासरीवर उभे असते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून धरणाच्या पाण्याचे वाटप ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी, म्हणजे १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर वर्षाचे नियोजन होते त्या सुमाराला, कार्यकारी अभियंत्यांना भेटा. पहिल्या भेटीत टक्केवारी काढू नका. दार तीन टप्प्यांत बंद करता येईल का, एवढेच विचारा. ते हो म्हणण्याची शक्यता बरीच असते, कारण त्यासाठी त्यांना वर कोणाची मंजुरी बहुधा लागत नाही.